पिकअपच्या हौद्यातलं घर

गेल्या दोन महिन्यांत आमच्या दारात थांबून तीन प्रश्न विचारले गेले. "दुकान बदललं का?" "किती टन उचलते?" आणि परदेशीपुऱ्याच्या खास लहज्यात, "भिया, भाड्याने देते क्या?" दारात नवी कोरी, जोडकॅबिनची, पांढऱ्या नंबरप्लेटची पिकअप उभी आहे, आणि ती आम्ही फिरायला घेतली आहे हे कोणालाच पटत नाही. सासूबाईंना अजूनही पटलेलं नाही. "एवढ्या पैशात चांगली मोटार आली असती," हे वाक्य मी रोज चहाबरोबर पिते.

खरं कारण सांगते. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तुळजापूरला जायचं आहे. कुलदैवत. शेवटचे गेले त्याला अकरा वर्षं झाली. इंदूरहून तुळजापूर तसं सरळ आहे. एकच राष्ट्रीय महामार्ग, ५२ नंबरचा. सेंधवा, धुळे, चाळीसगाव, कन्नडचा घाट, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव आणि मग तुळजापूर. पण अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या वर, अप्पांचे गुडघे ऐकत नाहीत, आणि दर वेळी बेत ठरला की ते ऐन वेळी "तुम्ही जाऊन या" म्हणतात. का म्हणतात ते आम्हाला कळलं नव्हतं. आम्ही गुडघ्यांवर ढकलत होतो. पाहिजे तिथे थांबता येईल, आडवं होता येईल अशी गाडी असली की प्रश्न सुटेल, असं माझ्या नवऱ्याचं आणि लेकीचं गणित.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर परदेशातल्या पिकअपमधली ती सुंदर लाकडी घरं येत असणार. आमच्या लेकीच्याही येतात. म्हणून आधी कायद्याचं सांगते, कारण आम्ही ते उशिरा वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावर गाडीचं जे वर्णन आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट सांगितलं. खरी मोटर कॅरॅव्हॅन हा वेगळा प्रकार आहे आणि तिला वेगळे निकष लागतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते तशा गाड्यांसाठी. आपण पिकअपचा हौदा कापून त्यावर खोली उभारली तर ती कॅरॅव्हॅन होत नाही, बेकायदा पिकअप होते. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. म्हणून आमचं सूत्र ठरलं: वेल्डिंग नाही, कापणं नाही, हौद्यातल्या मूळच्या कड्यांना आणि बोल्टांना जे आवळता येईल आणि दोन माणसांना तासाभरात उतरवता येईल तेवढंच. कॅनोपीबद्दल आरटीओ आणि विमा या दोघांनाही आधी विचारलं, आणि विमावाल्यांकडून उत्तर लेखी घेतलं. समोर तो लोखंडी गार्ड लावायचा मोह होतो, तोही नको. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि टकरीत एअरबॅगच्या कामात तो अडथळा आणू शकतो.

आणखी एक. गाडी घेतानाच बघा की ती खासगी म्हणून नोंदली जाते की मालवाहू म्हणून. आपल्याकडच्या कितीतरी पिकअप मालवाहूच असतात. पिवळी पाटी आली की फिटनेस मागोमाग येतो. आणि पाटी कुठलीही असो, गाडी चालू असताना हौद्यात माणूस बसवायचा नाही. कॅनोपी असली तरी, गादी असली तरी, अप्पा "मी आरामात झोपून येतो" म्हणाले तरी नाही.

आता आमच्या चुकीची गोष्ट. आमच्या भागात फॅब्रिकेशनवाल्यांची कमतरता नाही. आम्ही उत्साहाने एकाला काम दिलं. त्याने चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा केला, त्यावर १८ मिलिमीटरचा प्लायवूड, खाली खण, वर झोपायचा ओटा. दणकट आणि देखणा. नवऱ्याने घरच्या इन्व्हर्टरसारखी मोठी ट्यूब्युलर बॅटरी आणली. सगळे खूश. अप्पा मात्र भोवती फेऱ्या मारत होते. अप्पा आमच्याच भागातल्या एका गिरणीत फिटर होते. मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार ही नावं तुमच्या पिढीला चौकांची आणि बसथांब्यांची वाटतात, त्यांच्या पिढीला ती भोंग्यांची होती. ते एवढंच म्हणाले, "काट्यावर घाल."

नशिबाने सांगाडा करण्याआधी, टाकी भरून, रिकामी गाडी नवऱ्याने एकदा धर्मकाट्यावर तोलून घेतली होती. तेव्हा हिशोब असा होता: नोंदणीच्या कागदावर एकूण जितकं वजन चालतं त्यातून काट्यावरचं वजन वजा केलं की उरले ५३० किलो. वाटतं, भरपूर. पण त्यात आम्ही पाच माणसं मिळून ३००. म्हणजे सामानाला उरले २३०. आता सगळं भरून, सगळे बसून, पुन्हा काट्यावर गेलो. मर्यादेपेक्षा १९० किलो जास्त!

कुठून आले? १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या एका प्लायचं वजन तीसेक किलो, आम्ही तीन वापरले होते. लोखंड ६०. बॅटरी ५५. कॅनोपी ७५. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, त्यात कुठे सूट नाही. आणि "थोडीशी भांडी" २५ किलो. (यावर घरात अजून वाद चालू आहे. भांडी माझी होती.)

तुम्ही म्हणाल, पिकअप तर माल उचलायलाच असते, १९० किलोने काय होतं? इंदूर-धुळे रस्त्यावर मानपूरच्या पुढे गणपती घाट आहे. तिथे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले हे इंदूरकरांना सांगायला नको. जास्त वजन म्हणजे उतारावर तेवढे तापलेले ब्रेक. वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. म्हणून जड वस्तू खाली आणि केबिनच्या भिंतीला लागून ठेवायच्या, हलक्या मागे. टायरमधल्या हवेचे आकडे दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतात, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगवेगळे. पंपावरचा पोरगा अंदाजाने भरतो ती हवा आपली नव्हे.

सांगाडा निघाला. नवऱ्याचा चेहरा दोन दिवस बघवत नव्हता, पैसेही गेले. नवीन सांगाडा ॲल्युमिनियमचा, त्यावर १२ मिलिमीटरचा दीड प्लाय. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी, वजन बाराएक किलो. महाग आहे, पण आधी लेकीने कागदावर हिशोब मांडला: छोटा पंखा २० वॉटचा, आठ तास, म्हणजे १६०. दिवे ४०. सगळ्यांचे मोबाइल ६०. दिवसाला २६० वॉट-अवर. बॅटरीत बाराशेच्या वर. म्हणजे ढग असोत की ऊन, तीन-चार दिवस चिंता नाही. फ्रिजचा विषय आम्ही तिथेच मिटवला, बर्फाची पेटी पुरते. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावला नाही, कारण नव्या गाडीची वायर कापली की वॉरंटीवर पाणी. चालत्या गाडीवर दुसरी बॅटरी भरायला मधला चार्जर लावला, आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ. हे दुसरं अप्पांनी करवून घेतलं. सगळे नटही त्यांनी नायलॉनवाले लावायला लावले. "रस्ता नट सोडवतो," म्हणाले, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाना घेऊन सगळे पुन्हा तपासायला सांगितले. चार खरंच सैल निघाले.

स्वयंपाक बाहेर, हा नियम. पाच किलोचा छोटा सिलिंडर, शेगडी टेबलावर उघड्यावर. कॅनोपीच्या आत काहीही पेटवायचं नाही. चहा नाही, मेणबत्ती नाही, थंडीत कोळशाची शेगडी तर मुळीच नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत अशा बातम्या आपण वाचतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हौदा खोलीपेक्षा कितीतरी लहान. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं हाही तोच धोका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणला, दोन्ही बाजूंच्या खिडक्या रात्री चार बोटं उघड्या ठेवतो.

पहिली सर्व्हिस होऊन गेल्यावर जानेवारीत महेश्वरला चाचणीची रात्र काढली. घरापासून नव्वदेक किलोमीटर. काही बिनसलं तर परत येता येतं. आपल्याकडे गाडी लावून राहायच्या जागा फारशा नाहीत, म्हणून एका लॉजच्या अंगणात विचारून गाडी लावली, थोडे पैसे दिले. संध्याकाळी घाटावर बसलो, आईंनी नर्मदेत दिवा सोडला. रात्री अप्पा-आई हौद्यात, आम्ही तिघं शेजारी तंबूत.

हौद्याची लांबी पाच फुटांना थोडी कमी असते, आणि अप्पा पाच फूट सात इंच. म्हणून फाळका उघडून ओटा त्यावर दीड फूट पुढे आणला होता, वरून ताडपत्रीचा पडदा. फाळका दोन तारांवर लटकलेला असतो, माणसाचा भार त्यांच्यावर नको म्हणून खाली दोन पाय लावलेले. सगळं बरोबर होतं. पहाटे पाचला मी उठले तर अप्पा ओट्यावर बसलेले, शाल गुंडाळून, पाय खाली सोडून. म्हटलं, "झोप नाही आली?" म्हणाले, "आत्ताच उठलो." आई आतून म्हणाल्या, "दोनपासून बसलेत."

दोन वाजता त्यांना लघवीला जायचं होतं. ओटा जमिनीपासून तीन फुटांवर, अंधार, गुडघे, लॉजचं बाथरूम अंगणाच्या पलीकडे. कोणाला उठवायचं नाही. तीन तास बसून राहिले. आणि मग कळलं की अकरा वर्षांचं "तुम्ही जाऊन या" हे गुडघ्यांचं नव्हतंच. रात्रीतून तीनदा उठावं लागतं, बसमध्ये ड्रायव्हरला थांबवायची लाज, दुसऱ्याच्या घरी दिवे लावायची लाज. आम्ही बॅटरीचे वॉट मोजत बसलो होतो. हे कोणी विचारलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "तुळजापूर राहू दे आता." नवरा काही बोलला नाही. मीही नाही.

बोलली ती लेक. घरी आल्यावर ती सरळ आजोबांच्या खोलीत गेली, टेप घेऊन. किती उंचीवरून सहज उतरता येतं, हात कुठे लागतो, उजवा गुडघा आधी की डावा. अप्पा आधी चिडले, "पोरीने विचारायच्या गोष्टी आहेत का या?" ती म्हणाली, "मग कोणी विचारायच्या?" त्यावर ते गप्प बसले आणि उजवा गुडघा दाखवला. नंतर आईंनी त्यांना डॉक्टरकडेही नेलं. त्या वयात रात्री वारंवार उठावं लागतं याला औषध असू शकतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

ओटा पाच इंच खाली आला, खण तेवढे उथळ झाले. दोन रुंद पायऱ्यांची घडीची शिडी, तिला धरायला दांडा. उतरताना हात जातो तिथे कॅनोपीच्या आत एक पकड. माणूस हलला की पेटणारा मंद दिवा, पायऱ्यांवर पडेल असा. आणि फाळक्याच्या बाजूला उभा राहणारा एक अरुंद तंबू, आत झाकणाचा घडीचा कमोड. सगळं मिळून नऊ किलो, म्हणून माझी आणखी दोन पातेली गेली.

दुसरी चाचणी लांब कुठे नाही, आमच्याच गल्लीत, घरासमोर. अप्पा रात्री दहाला उशी घेऊन खाली गेले. समोरच्या भियांनी खिडकीतून विचारलं, "काका, घर में झगडा हो गया क्या?" अप्पांनी आतून सांगितलं, "ट्रायल है." सकाळी सातला वर आले, पोहे मागितले, आणि म्हणाले, दिवा फार वेळ चालू राहतो, तीस सेकंदांवर आणा.

परवा शेवटचं काट्यावर जाऊन आलो. सगळे बसून, सगळं भरून, मर्यादेत दहा किलो शिल्लक. अप्पांनी ती पावती घडी घालून पाकिटात ठेवली आहे. पुढच्या बुधवारी पहाटे निघतोय, पहिला मुक्काम धुळ्याच्या अलीकडे, कन्नडचा घाट दुसऱ्या दिवशी उजेडात. आईंचा पोळपाट अजून कुठल्याच खणात बसत नाही. त्या म्हणतात, मांडीवर घेऊन बसेन.