अक्का धावेवर बसायची

मागच्या आठवड्यात या सदरात शेततळ्यांच्या अनुदानावर लिहिलं होतं. त्यावर सांगोल्याकडच्या एका वाचकाचा फोन आला. डाळिंबाची बाग आहे, तळंही आहे. म्हणाले, "अनुदानाचं सगळं लिहिलंत. दोराचं राहिलं."

कसला दोर, हे ज्यानं शेततळं जवळून पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. तीस बाय तीस मीटरचा, तीन मीटर खोल खड्डा. चारी बाजू उतरत्या, वर पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पाणी भरून चार महिने झाले की कागदावर शेवाळ धरतं. बादली बुडवायला वाकलेल्याचा पाय सरकला की तो घसरत थेट पाण्यात. विहिरीला निदान कपार असते, ओढ्याला झाडाची मुळी. इथे बोटं कागदावरून नुसती फिरत राहतात. पट्टीचा पोहणाराही दमतो आणि बुडतो. काठावरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला दोर, मध्ये मध्ये गाठी, टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, एवढ्यानं माणूस वर येतो. फोनवरच्या गृहस्थांच्या तळ्याला चारी बाजूंनी असे दोर आहेत. कधीपासून, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांचा आवाज ऐकून नाही विचारलं.

उन्हाळी सुट्टी लागली की आतल्या पानावर त्या बातम्या सुरू होतात. शेततळ्यात, कालव्यात, खदाणीत. एकाला वाचवायला दुसरा उतरला, दुसऱ्यामागे आई. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात बुडून गेलेल्यांचा आकडा ३८ हजारांच्या वर आहे. पूर आला की मंत्री येतात, पंचनामे होतात. हे मात्र एकेक करून जातात, त्यामुळे त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही.

मग कोणीतरी हळहळतं, की पूर्वी गावात प्रत्येक पोराला पोहता यायचं. हे मी बरीच वर्षं ऐकून घेतलं, एकेकाळी स्वतः लिहिलंही. मी खटावाकडच्या आजोळच्या विहिरीत शिकलो. पाठीला वाळका भोपळा बांधून मामानं पायरीवरून ढकललं, गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, तिसऱ्या दिवशी भोपळा सुटला आणि आठवड्याभरात मुटके मारायला लागलो. मोट बंद पडून इंजिन आलं होतं, मोटेच्या बैलांची धाव तेवढी उरली होती. त्या धावेवर माझी थोरली बहीण, अक्का, आम्हा पाच पोरांचे सदरे-चड्ड्या मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिला कोणी भोपळा बांधला नाही. तसं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा.

तेव्हा 'प्रत्येक पोराला' म्हणजे ज्याच्या घरची विहीर आहे त्या घरच्या मुलग्याला. चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घ्यायला ज्यांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या लेकरांना कोणता बागायतदार आपल्या विहिरीत उतरवणार होता? आता त्या विहिरी तळाला गेल्यात, बोअरमध्ये तर पाय बुचकळायचीही सोय नाही, आणि शिकवणारा मामा पुण्यात सोसायटीत राहतो. जी तुटपुंजी शाळा होती तीही बंद पडली. पाणी मात्र कागदाच्या तळ्यात भरून उघड्यावर ठेवलंय, कित्येक ठिकाणी कुंपणाशिवाय.

शहरात तलाव आहेत. माझ्या घराजवळ पालिकेचा आहे. एप्रिल-मेमध्ये एकवीस दिवसांचं शिबिर, पंचेचाळीस मिनिटांची बॅच, ऑनलाइन नोंदणी, डॉक्टरचा दाखला, कॉस्च्युम, टोपी, गॉगल. या यादीतल्या प्रत्येक शब्दागणिक काही मुलं गळतात. सकाळच्या बॅचा दहाला संपतात, संध्याकाळच्या चारला सुरू होतात. मधले सहा तास निळं पाणी एकटंच हलत असतं आणि रखवालदार खुर्चीत डुलत असतो. तलावाच्या भिंतीला लागून पालिकेचीच शाळा आहे. मधल्या सुट्टीत पोरं भिंतीवर चढून पाणी बघतात, रखवालदार त्यांना हाकलतो. भिंत एक, मालक एक, खाती दोन. या सहा तासांतले दोन तास चौथी-पाचवीच्या वर्गांना द्यायला नवा तलाव बांधावा लागत नाही. प्रशिक्षक, जीवरक्षक आणि शिक्षिका लागतात. पण तलावाचं उद्‌घाटन होतं, प्रशिक्षकाच्या पगाराचं होत नाही.

आणि शिकवायचं काय? वीरधवल खाडे या कोल्हापूरच्या मुलानं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत बटरफ्लायचं कांस्य आणलं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. ते पोहणं वेगळं. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा चौकोन बांधून मुलांना शिकवतात. पंचवीस मीटर अंतर कसंबसं का होईना कापायचं, तीस सेकंद तरंगायचं, आणि कोणी बुडत असेल तर स्वतः उडी न मारता काठावरून बांबू पुढे करायचा. त्यांच्याकडे यानं मुलांचं बुडून मरणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे यातलं तिसरं तर फळ्यासमोरही शिकवता येईल. ओढणी फेक, दोर फेक, रिकामा कॅन फेक, हाक मार, उतरू नकोस. एवढं ठाऊक असतं तर त्या बातम्यांतला दुसरा आणि तिसरा वाचला असता.

नेदरलँड्समध्ये मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेतला एक भाग अंगावर कपडे ठेवून होतो. हे वाचलं तेव्हा आधी गंमत वाटली. मग आठवलं, कालव्यावर धुणं धुणारी बाई काय घालून पाय घसरून पडते.

अक्का सध्या माझ्याकडे आलीय. तिची नात शिबिराला जाते, पाठीवर तरंगायला शिकलीय, आणि आजी कठड्याबाहेरच्या बाकावर टॉवेल आणि कपड्यांची पिशवी घेऊन बसते. परवा मी तिला म्हटलं, दुपारची बायकांची बॅच सुरू करणार आहेत म्हणे, तूही उतर. तिनं खरंच चौकशी केली. खिडकीवर सांगितलं, कॉस्च्युमशिवाय सोडत नाही, वयाची अट नाही पण कॉस्च्युम पाहिजे.

घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "अरे, मी पडले तर साडीवरच पडणार ना?"