मामूंचे पैसे घेण्याआधी

नागपुरात आपल्या तरुणांशी धंद्याविषयी बोलताना मी विचारतो, ‘बिझनेस प्लॅन लिहिला का?’ उत्तर बहुतेकदा एकच असते. ‘सर, आम्हाला लोन घ्यायचेच नाही.’ म्हणजे प्लॅन हा बँकेला द्यायचा कागद, अशी पक्की समजूत. लोन घेणारे तरी काय करतात? एजंटाकडून तयार प्रोजेक्ट रिपोर्ट आणतात. त्यात फक्त नाव-पत्ता बदललेला असतो.

माझे मत उलटे आहे. व्याज टाळून घरच्यांच्या पैशावर धंदा उभा करणाऱ्यालाच प्लॅनची गरज जास्त. बँकेचा अधिकारी चार प्रश्न तरी विचारतो. मामू विचारत नाहीत. अम्मी हातातल्या बांगड्या काढून देते, तीही विचारत नाही. शिवाय मुदारबा पद्धतीने भांडवल घेतले आणि तुमच्या हलगर्जीपणाशिवाय तोटा झाला, तर रक्कम भांडवल देणाऱ्याची जाते, तुमची जाते ती मेहनत. मग आकडे आधी पाहण्याचा हक्क मामूंना नको?

हिशेब अवघड नाही. समजा, मोमिनपुऱ्यात बिर्याणी सेंटर टाकायचे आहे. भाडे 12,000, दोन कामगार 24,000, वीज-पाणी वगैरे 6,000. महिन्याला 42,000 रुपये ठरलेला खर्च. तांदूळ, गोश्त, गॅस, पार्सलचा डबा वजा जाता प्लेटमागे 25 रुपये उरतात असे धरू. 1,680 प्लेट विकल्या की नुसता खर्च निघतो. आठवड्याला एक सुट्टी धरली तर रोज 65 प्लेट. यात तुमचा स्वतःचा पगार नाही (तो तर कुणी धरतच नाही). आता मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना दुपारचा गल्ला किती होईल? रमजानच्या रात्रीची गर्दी पाहून वर्षाचा अंदाज बांधणारे इथेच फसतात. आणि रमजानही दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. 2030 मध्ये तो जानेवारीत सुरू होईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा येईल. वहीत हे सगळे महिन्यागणिक मांडावे लागते.

ज्यांना सरकारी योजना घ्यायची आहे, त्यांच्यासाठी 2008 पासूनची पीएमईजीपी आहे. तिच्यात अल्पसंख्याक अर्जदाराला स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात आणि शहरात 25 टक्के अनुदान मिळते. दहा लाखांच्या प्रकल्पावर अडीच लाख. पण ही रक्कम हातात येत नाही, तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. हप्ते मात्र भरायचे असतात, आणि ते एजंट भरत नाही.

साधी वही पुरे. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. एक पान मात्र जरूर ठेवा: किती महिने तोटा सोसायचा, दुकान कधी बंद करायचे आणि त्या दिवशी मामूंचे किती पैसे शिल्लक असले पाहिजेत. ते पान मामूंना वाचून दाखवा आणि मगच पैसे घ्या.