नाव नसलेले दुःख आणि तालुक्याचे वाचनालय

लांजा : समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते, रद्द केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी याच न्यायालयाने अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला. कायद्याच्या या चढउतारांची चर्चा पुष्कळ झाली. घराच्या चार भिंतींत काय घडते, हे सांगणारी मराठी कादंबरी या दोन्ही निकालांच्या बऱ्याच आधीची आहे.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही पहिली कादंबरी मौज प्रकाशनाने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्यासोबत निघून जाते, काही महिन्यांनी एकटीच परतते. पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. ज्याच्यामुळे हे सारे घडते त्या पाहुण्याला लेखकाने नावच दिलेले नाही.

कादंबरीचे खरे मर्म या दोन दुःखांच्या तफावतीत आहे. अनुजाच्या जाण्याने घर हादरते. रागावणे, रडणे, नातेवाइकांपुढे सारवासारव हे सर्व तिच्या वाट्याला येते. तनयनेही तोच माणूस गमावलेला असतो. पण आपण काही गमावले आहे, हेच तो कोणाला सांगू शकत नाही. मुलीच्या प्रेमाला विरोध करण्यासाठी तरी घरापाशी शब्द आहेत. मुलाच्या प्रेमासाठी तेवढेही नाहीत. लेखकाने या ठिकाणी कैफियत मांडलेली नाही, वाचकाला माहिती पुरविण्याचा आवही आणलेला नाही.

मराठीला हा विषय तत्पूर्वी अपरिचित होता असे नव्हे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच रंगभूमीवर आले होते. तथापि, त्यातील सुमित्राची कहाणी तिचा मित्र बापू सांगतो आणि ती तिच्या मृत्यूपाशी संपते. तनय स्वतः बोलतो आणि जगतो. पंचवीस वर्षांत पडलेले हे अंतर लहान नाही. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरीही याच सुमाराची. पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्टचे काम उभे करणाऱ्या कार्यकर्त्याचे ते लेखन आहे. गोंधळलेल्या तरुणाला आधार देणे हा त्याचा उद्देश असल्याने दोहोंची तुलना करणे अन्यायाचे होईल.

'कोबाल्ट ब्ल्यू'चा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा वैध ठरविले होते. २०२२ मध्ये तीवर हिंदी चित्रपट झाला. त्यात घर पुण्याहून केरळात गेले. पडद्यावर ते देखणे दिसते. परंतु मराठी माणसाला ज्या घराची ओळख पटावी, ते घर तेवढे हरवले, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

कारण ते घर लांज्यातील घरापेक्षा फार निराळे नाही. गणपतीत मुंबईहून आलेल्या तिशीतल्या चाकरमान्याला पडवीत बसता बसताच 'यंदा कर्तव्य आहे की नाही?' असे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. उत्तर देणारा रजा नाही, खोली लहान आहे, अशी कारणे पुढे करतो आणि विषय आरतीवर जातो.

अशा तरुणाने हे पुस्तक वाचायचे कोठे? तालुक्याच्या गावी पुस्तकाची देवघेव नोंदवहीत होते. सभासदाच्या नावापुढे पुस्तकाचे नाव पडते आणि नोंद करणारा बहुधा वडिलांच्या ओळखीतला असतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदानाचे अ, ब, क, ड वर्ग आहेत. पण वाचकाच्या संकोचावर त्यात उपाय नाही. वर्तमानपत्राचे कव्हर घालण्याची जुनी युक्ती घरापुरती चालते, नोंदवहीपुढे नाही. पुस्तक मागविणेही तेवढेच अवघड. त्यासाठी कोणीतरी ते मोठ्याने मागावे लागते. ज्याला ही कादंबरी खरोखर हवी आहे, तो ती मुंबईतल्या खोलीवर वाचतो आणि गावी येताना तेथेच ठेवून येतो.