यात्रा की शर्यत?

अलीकडे आमच्या समाजात एक नवी मातृपितृभक्ती उदयास आली आहे. आईवडिलांनी साठी गाठली की चिरंजीव यात्रा-कंपनीकडे पैसे भरतात, छापील कार्यक्रम त्यांच्या हाती ठेवतात आणि कर्तव्यातून मोकळे होतात. तो कार्यक्रम वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. आम्ही पडलो वकील; कागद वाचल्यावाचून आम्हांला राहवत नाही. आमच्या मातोश्रींसाठी आलेल्या अशाच एका कागदावर दहा दिवसांत चार धाम, पहाटे तीनला उठणे आणि रात्री दहाला मुक्काम असा बेत होता. हा बेत वृद्ध माणसासाठी आखला होता की टपालाच्या थैलीसाठी?

केदारनाथाचेच पाहा. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटर उंचीवर, केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरांवर. म्हणजे एका दिवसात सोळाशे मीटरांची चढण. अडीच हजार मीटरांपुढे विरळ हवा बाधू लागते आणि तिची सवय व्हावयास शरीराला दिवस लागतात. तीन हजारांपुढे मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. हेलिकॉप्टरने पायांचे श्रम वाचतात. हृदयाचे व फुप्फुसांचे वाचत नाहीत, कारण ती काही मिनिटांतच त्या हवेत जाऊन पडतात.

यावर ठरलेले उत्तर असे की, देवाच्या दारी मरण आले तर भाग्यच! हे वाक्य त्या वृद्धाच्या तोंडी शोभेल. तिकीट काढून देणाऱ्या मुलाच्या तोंडी कदापि नाही. ठरल्या सोयी न पुरवणाऱ्या कंपनीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये आपण राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. परंतु कार्यक्रम न वाचताच पैसे भरणाऱ्या मुलाविरुद्ध आईने कोठे दाद मागावी?

आणि हा दोष हिमालयापुरताच नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे साष्टी-तिसवाडीतील अनेक दैवते अंत्रुज महालात आली. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथे देवळांलगत अग्रशाळा उभ्या राहिल्या, त्या दूरच्या कुळाव्यांनी देवाजवळ चार दिवस राहावे म्हणून. आज बेळगावाहून वा इंदुराहून येणारा कुळावी दुपारच्या आत पाच देवळे उरकतो आणि संध्याकाळी समुद्रकिनारा गाठतो. मागे बसलेली आजी गुडघे दुखतात म्हणून मोटारीतूनच हात जोडते. याला दर्शन म्हणावयाचे काय?

आमचे म्हणणे यात्रेविरुद्ध नाही, घाईविरुद्ध आहे. एका खेपेस एकच धाम पुरे. चालणे किती, पायऱ्या किती, मुक्कामाची उंची किती आणि विश्रांतीचे दिवस कोणते, हे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत व त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. पाचवा प्रश्न मात्र कंपनीला नव्हे, घरात विचारावयाचा.

तो आम्ही मातोश्रींना उशिराच विचारला. त्या म्हणाल्या, "मला कुलदेवतेच्या अग्रशाळेत आठ दिवस राहायचे आहे. रोज सांजेची आरती मिळाली की झाले." चार धामांचा कागद आम्ही त्याच दिवशी परत केला.