पंख्यापुरती काळजी

राजस्थानातील कोटा येथील प्रशासनाने २०२३ साली हुकूम काढला की, परगावच्या विद्यार्थ्यांना ठेवणाऱ्या वसतिगृहांनी छताच्या पंख्यांना स्प्रिंगा बसवाव्यात. कशासाठी, ते सांगावयास नको. त्याने एक जीव जरी वाचत असेल तरी स्प्रिंगा अवश्य बसवाव्यात. पण पोराच्या मनावरचा भार कोणी जोखला नाही आणि पंख्यावरचा मात्र जोखला, याची लाज कोणालाच वाटू नये काय?

कोट्याला नावे ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्राला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांच्या यादीत पहिले नाव आपले आहे. हे सारेच घराबाहेर राहणारे होते असे नव्हे. परंतु घरी मुलाने ताट बाजूला सारले तर आई विचारते. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याचा डबा चार दिवस तसाच परत गेला, तर विचारणार कोण? घरमालकाला भाड्याशी काम, मेसवाल्याला पैशाशी आणि कॉलेजला हजेरीशी!

यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले: "आमच्या वेळी नव्हती ही थेरं! आम्ही वार लावून जेवलो आणि शिकलो." शिकलात, मान्य. पण त्याच वाटेवर कितीजण मोडले, कितीजण मुकाट्याने गावी परतले, याचा हिशेब कोणी ठेवला? आठवणी लिहितो तो पैलतीर गाठलेला. बुडालेल्याचे आत्मचरित्र नसते.

शिवाय ज्यांना गरिबांची मुले खरोखर शिकवावयाची होती, त्यांनी त्यांना चार भिंती देऊन वाऱ्यावर सोडले नव्हते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा नाना जातींच्या त्या मुलांची आई लक्ष्मीबाई झाल्या. मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने मंगळसूत्रही मोडले. वसतिगृह म्हणजे खोली नव्हे, जबाबदार माणूस, हे तेव्हा आपल्याला कळत होते.

आज गावोगाव लक्ष्मीबाई मिळणार नाहीत, आणि मिळाव्यात असा हट्टही धरू नये. व्यवस्था त्यागावर चालत नाही, पगारी माणसांवर चालते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तेच बजावले: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्याच निकालात सुरक्षित पंख्यांचाही आदेश आहे. पंख्याचा खर्च एकदाच होतो, माणसाचा दरमहा. तेव्हा आमचे संस्थाचालक यांतले आधी काय करतील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून पालकहो, प्रवेशाच्या रांगेत निकालाची टक्केवारी विचारता, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. या संस्थेत समुपदेशक कोण, आणि तो कोठे भेटतो? रात्री वसतिगृहात मुलांजवळ कोण असते? उत्तर मिळेपर्यंत फीचे पाकीट खिशातून काढू नका. आणि मुलाला फोन कराल तेव्हा, गुण विचारण्याआधी, तो जेवला का ते विचारा.