पंथाबाहेरचा साधक

निवृत्तीनंतर जबलपूरच्या गोरखपूर भागात राहू लागल्यापासून भंवरताल उद्यानातील सकाळची फेरी हा माझा नित्यक्रम झाला आहे. २१ मार्च १९५३ रोजी याच उद्यानात एका वृक्षाखाली आपणास आत्मबोध झाला, असे आचार्य रजनीश सांगत. तेथे डोळे मिटून बसलेल्या एका तरुणाला मी परवा विचारले, ‘‘आपण ओशोंचे अनुयायी का?’’ तो म्हणाला, ‘‘कोणाचाच नाही. थोडा वेळ शांत बसतो, एवढेच.’’

अशा माणसाची नोंद सरकारदरबारी होत नाही. २०११च्या जनगणनेत धर्म न सांगणारे सुमारे २८.७ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या अवघे ०.२४ टक्के होते. हा तरुण त्यांतही बसणार नाही. प्रगणकाला तो घराण्याचाच धर्म सांगेल. श्रद्धेची कूस बदलते, रकाना बदलत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवल वाटत नाही. कबीरांनी कर्मकांड नाकारले. पुढे त्यांच्याच नावाने पंथ आणि गाद्या उभ्या राहिल्या. रजनीशांनी संघटित धर्मांवर कठोर टीका केली. १९७४ मध्ये पुण्यात त्यांचा आश्रम स्थापन झाला. त्यांच्या निधनानंतर कोरेगाव पार्कातील जमिनीच्या विक्रीचा वाद धर्मादाय आयुक्तांपर्यंत गेला. एकट्याचा शोध जमिनीला टेकला, की सातबारा आणि हिशेबवही त्याच्यामागे येतातच.

म्हणूनच राज्यघटनेतील भेद मला मोलाचा वाटतो. अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य व्यक्तीला देतो. अनुच्छेद २६ धर्मसंप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा अधिकार देतो. ऑरोव्हिलसंबंधीच्या १९८२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने श्रीअरविंदांची शिकवण हा धर्म नसून तत्त्वज्ञान आहे, असे मानले आणि त्या संस्थेचे व्यवस्थापन शासनाने हाती घेण्याचा कायदा वैध ठरवला. ‘आम्ही धर्म नव्हे’ असे म्हणणाऱ्या संस्थेला संप्रदायाचे कवच मागता येत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

शासकीय सेवेतील अनुभवाने मी एवढेच म्हणेन, की आपण बहुधा उलटे वागतो. व्यक्तीला ‘तुमचा धर्म कोणता’ असे वारंवार विचारतो आणि आश्रमाला हिशेब विचारताना संकोचतो. वृक्षाखाली बसलेल्या त्या तरुणाला शासनाने काहीही विचारू नये. त्याच्याकडून शांतीचे शुल्क घेणाऱ्याला मात्र पावती जरूर मागावी.