विश्लेषण : कोंबडी ठणठणीत, पण आतड्यात साल्मोनेला, हा धोका ओळखणार कोण?

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या एकाएकी दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले आणि परिसरातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. मेलेले पक्षी दिसले म्हणून यंत्रणा हलली. साल्मोनेला या जिवाणूचे नेमके उलटे आहे. त्याचे माणसाला बाधणारे प्रकार मोठ्या कोंबडीला बहुधा आजारीच पाडत नाहीत. ती खाते-पिते, अंडी देते, वजन धरते आणि विष्ठेवाटे जिवाणू सोडत राहते. असे का घडते, याचे उत्तर बऱ्याच अंशी जिवाणूच्या जनुकांत आहे. ते समजून घेतले, की केवळ मर मोजणारी आपली पद्धत कुठे तोकडी पडते, हेही लक्षात येते.

साल्मोनेला एकच की अनेक?

साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार आहेत. पोल्ट्रीच्या दृष्टीने त्यांचे दोन गट महत्त्वाचे. पहिल्या गटात गॅलिनेरम आणि पुलोरम येतात. गॅलिनेरममुळे फाउल टायफॉइड होतो, तर पुलोरममुळे पिल्लांना पांढरी हगवण लागते. हे दोन्ही पक्ष्यांचा जीव घेतात, माणसाला मात्र क्वचितच बाधतात.

दुसऱ्या गटात टायफीम्युरियम आणि एन्टेरिटिडिस आहेत. त्यांचा मुक्काम कोंबडीच्या आतड्यात, विशेषतः आतड्याच्या शेवटाकडील दोन बंद पिशव्यांत असतो. माणसाच्या पोटात गेले, की जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. एन्टेरिटिडिस तर कोंबडीच्या अंडाशयापर्यंत पोहोचतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरू शकतो. असे अंडे बाहेरून कितीही स्वच्छ दिसले तरी उपयोग नसतो.

जनुके नेमके काय करतात?

टायफीम्युरियमचा संपूर्ण जनुकीय नकाशा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या जिवाणूत सुमारे साडेचार हजार जनुके आहेत. रोग घडवणारी अनेक जनुके एकत्र पुंजक्याने आढळतात. पहिल्या पुंजक्यातील जनुके सुईसारखे एक सूक्ष्म यंत्र तयार करतात. जिवाणू त्यातून आतड्याच्या पेशीत प्रथिने टोचतो आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. दुसऱ्या पुंजक्यातील जनुके पुढचे काम करतात. जिवाणूंना गिळून संपवणाऱ्या संरक्षक पेशींच्या आतच ती त्याला जिवंत ठेवतात.

तिसरी गोष्ट शेपटीची. टायफीम्युरियम आणि एन्टेरिटिडिस यांना पोहण्यासाठी शेपट्या असतात. त्या शेपटीतील प्रथिन कोंबडीचे शरीर ओळखते, आतड्यात दाह होतो आणि संसर्ग बहुतेक वेळा तिथेच रोखला जातो. गॅलिनेरम आणि पुलोरम यांना शेपटीच नसते. त्यामुळे शरीराला वेळेवर इशारा मिळत नाही आणि जिवाणू गुपचूप यकृत-प्लीहेपर्यंत पोहोचतो. एक साल्मोनेला कोंबडी मारतो आणि दुसरा तिच्या आतड्यात नांदतो, यामागचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

कोणते जनुक लागते, हे कळते कसे?

२०१३ मध्ये ‘पीएलओएस जेनेटिक्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी टायफीम्युरियमचे ७,७०२ वाण तपासले. प्रत्येक वाणात जनुकीय साखळीच्या वेगळ्या जागी बिघाड केलेला होता. या वाणांची मिश्रणे कोंबड्या, डुकरे आणि गुरांना देण्यात आली. जो वाण आतड्यात टिकला नाही, त्याच्यातील बिघडलेले जनुक तिथे टिकण्यासाठी गरजेचे, असा हा हिशेब. त्यातून २,७१५ जनुकांची माहिती हाती आली.

निष्कर्ष साधा पण महत्त्वाचा होता. काही जनुके तिन्ही प्राण्यांत लागतात, तर काही ठरावीक प्राण्यातच उपयोगी पडत असावीत. म्हणजे उंदरावर किंवा गुरांवर मिळालेले उत्तर कोंबडीला जसेच्या तसे लागू होत नाही.

पिल्लांना जास्त धोका का?

खुडूक कोंबडीखाली अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू आईच्या विष्ठेत, मातीत चोच मारते. आईच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू त्याला पहिल्याच दिवशी मिळतात. हॅचरीतील पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचे आतडे रिकाम्या शेतासारखे असते. जो जिवाणू आधी येईल, त्याचे पीक. फिनलंडमधील नुर्मी आणि रंटाला यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले, की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू पिल्लांना पाजले तर साल्मोनेलाला जागा मिळत नाही.

करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लू आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि कष्ट शेतकऱ्याचे असतात. पिल्लू जिवाणू घेऊनच शेडमध्ये आले तर तूस बदलून आणि चुना मारून शेतकरी किती पुरा पडणार? म्हणून तपासणीची पहिली जबाबदारी हॅचरीची आणि तिला अंडी पुरवणाऱ्या मूळ कळपाची असायला हवी.

अँटिबायोटिकने प्रश्न सुटेल?

नाही, उलट बिघडू शकतो. सरसकट दिलेले अँटिबायोटिक आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मारते आणि साल्मोनेलाला जागा मोकळी करून देते. शिवाय औषधाला दाद न देणारी जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. माणसांवरील उपचारांत शेवटचा आधार असलेल्या कोलिस्टिनचा खाद्यप्राण्यांतील वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केला, तो याच भीतीने.

लशीचा मार्ग अधिक भरवशाचा आहे. एच. विल्यम्स स्मिथ यांनी १९५६ मध्ये गॅलिनेरमचा ‘९आर’ हा दुबळा वाण लशीसाठी पुढे आणला. वाढीला लागणारे जनुक काढून टाकलेल्या टायफीम्युरियमच्या जिवंत लशीही पुढे आल्या. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये अंड्यांतील साल्मोनेलाबाबत मंत्री एडविना करी यांनी विधान केले. अंड्यांचा खप कोसळला आणि त्यांना पद सोडावे लागले. पण त्यानंतर तपासणी कडक झाली. १९९८ पासून ‘लायन’ शिक्क्याच्या योजनेत कोंबड्यांचे लसीकरण सुरू झाले. २०१७ मध्ये तेथील अन्न यंत्रणेने, या शिक्क्याची अंडी गर्भवतींनीही अर्धकच्ची खाण्यास हरकत नाही, असे जाहीर केले.

परभणीत काय करता येईल?

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत राष्ट्रीय साल्मोनेला केंद्र आहे. जिल्ह्यातील पोल्ट्री शेड, हॅचरी आणि चिकन दुकानांतून ठरावीक काळाने विष्ठा, अंडी, मांस यांचे नमुने घ्यावेत. केवळ ‘साल्मोनेला आढळला’ असा शेरा पुरेसा नाही. कोणता उपप्रकार, त्यात रोगकारक जनुके कोणती, तो कोणत्या औषधांना दाद देत नाही, हे नोंदले गेले पाहिजे. लस कोणती निवडायची, हे त्यावरच ठरेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. २०२० मध्ये करोनाच्या नुसत्या अफवेने चिकनचे भाव कोसळले आणि पोल्ट्रीवाल्यांचे कंबरडे मोडले. तपासणीचे आकडे बाहेर आले तर पुन्हा तेच होईल, ही भीती खोटी नाही. त्यासाठी शेतकऱ्याचे नाव गुप्त ठेवावे, तपासणी मोफत करावी आणि दोष आढळल्यास दंडाऐवजी मदत द्यावी. नाहीतर नमुना द्यायला कोणीच पुढे येणार नाही. माहिती दडवल्याने मात्र अफवा थांबत नाहीत; विश्वासार्ह आकडा नसला की त्या अधिक वेगाने पसरतात.

तोवर घरात काय करावे?

साल्मोनेला ३५ ते ३७ अंशांत जोमाने वाढतो. परभणीचा उन्हाळा याहून किती तरी तापतो. बंद खोलीत, टपरीवर ठेवलेल्या अंड्यात जिवाणू असेल तर त्याला आयतीच ऊब मिळते. अंडी थंड जागी ठेवावीत, तडकलेली घेऊ नयेत. चिकन आतपर्यंत किमान ७० अंश तापेल असे शिजवावे. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवतींना कच्चे किंवा अर्धकच्चे अंडे देऊ नये.

ही काळजी घरोघरी घेता येते. पण शेडमधली कोंबडी धडधाकट दिसते म्हणून ती जिवाणूमुक्त आहे, असे मानणे यंत्रणेने सोडले पाहिजे. त्यासाठी कोंबड्या मरण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.